इंजिन कोठून आणायचे?

‘पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?’ हा प्रश्न मनात कधीच आला नाही असा मराठी वाचक विरळा. थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर, हा त्याच्या पाठोपाठ येतो. शिस्तीचे अभ्यासक अशा प्रश्नांना दारात उभे करत नाहीत. इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे म्हणून ते पुढे जातात. मला ही भूमिका पुरती पटत नाही. अमुक घटनेमुळे तमुक घडले असे आपण म्हणतो, तेव्हा ती घटना टळली असती तर तमुक घडले नसते, असेच सुचवत असतो. कार्यकारणभाव सांगणारा प्रत्येक इतिहासकार मनातल्या मनात जर-तर करतोच. तेव्हा विचारायला हवे ते इतकेच, की हा खेळ कोणत्या नियमांनी खेळायचा?

मराठीत तो नियमांनी खेळून दाखवला डॉ. जयंत नारळीकरांनी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथल्या इतिहासात मराठ्यांनी पानिपत जिंकलेले आहे, आणि तरीही ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत शाबूत आहे. गंगाधरपंत टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून पुस्तके चाळतात आणि दोन इतिहास नेमके कोठे वेगळे झाले ते शोधून काढतात. फरक असतो एका गोळीचा. ती विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेलेली असते. नारळीकरांनी मराठ्यांच्या हाती नवी तोफ दिली नाही, की अब्दालीला भित्रा केले नाही. एक गोष्ट बदलली आणि तिचे परिणाम नीट होऊ दिले. खेळाचा पहिला नियम हाच: बदल एकच करायचा, तोही शक्य कोटीतला; बाकीचे जग जिथल्या तिथे ठेवायचे.

लढाईच्या बाबतीत एक गोळी इकडची तिकडे करून भागते. यंत्राचा इतिहास असा कल्पनेने बदलायचा म्हटले, की हिशेब कडक होतो. तिथे वजन असते, शक्ती असते, धातू असतो, कारखाना असतो. या हिशेबाचा उत्तम धडा मला सापडला तो दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत लढाऊ विमानांत. तो धडा घेऊन मला शेवटी यायचे आहे गिरगाव चौपाटीवर, १८९५ सालच्या एका उड्डाणापाशी.

*

सोव्हिएत विमाने मुंबईला अगदीच परकी नाहीत. अण्णा भाऊ साठ्यांनी युद्धकाळात ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला आणि व्होल्गाकाठची लढाई गिरणगावातल्या कामगारांच्या कानांवर डफाच्या तालात पडली. पुढे मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त पुस्तके आपल्याकडे आली. ‘याक’ विमानांचे रचनाकार अलेक्सांद्र याकोव्लेव्ह यांचे आत्मकथनही त्याच प्रकाशनाने इंग्रजीत काढले होते.

त्याच स्टालिनग्राडच्या आकाशात १९४२ साली एक नवे विमान लढू लागले, ला-५. ते म्हणजे प्रत्यक्षात उतरलेले जर-तरच होय. त्याच्या आधीचे लॅग-३ हे विमान लाकडाचे. ॲल्युमिनियमची टंचाई होती म्हणून राळेत भिजवून दाबलेल्या लाकडाची त्याची बांधणी. विमान मजबूत होते, पण जड. आणि नाकात इंजिन होते क्लिमोव्ह यांचे, एम-१०५, साधारण हजार-अकराशे अश्वशक्तीचे. वैमानिक त्याच्यावर इतके नाराज, की रोगण लावलेली शवपेटी अशी त्याची थट्टा होई. रचनाकार लवोच्किन यांचा कारखाना काढून घेऊन त्यात याकोव्लेव्हची विमाने बनवण्याची पाळी आली होती.

दुसरीकडे, उरल पर्वताजवळच्या पेर्म शहरात श्वेत्सोव्ह यांचे एम-८२ नावाचे इंजिन तयार होत होते. ते सतराशे अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे, गोल घेराचे. पण ते वापरील असे विमान हाताशी नव्हते. लवोच्किनच्या माणसांनी १९४१-४२ च्या हिवाळ्यात हे गोल इंजिन लॅगच्या निमुळत्या नाकावर बसवून पाहिले. इंजिन विमानाच्या अंगापेक्षा रुंद निघाले. जुन्या इंजिनाहून ते सुमारे अडीचशे किलो जडही होते. तेव्हा विमानाच्या दोन्ही कुशींवर जादा आवरण चढवून तो घेर जुळवला, वजनाचा तोल सांभाळला, आणि मार्च १९४२ मध्ये विमान उडाले. शवपेटीचे झालेले हे रूपांतर जर्मन विमानांना तोंड देऊ लागले. पंख जुने, लाकूड जुने, कारखाना तोच. बदलले ते इंजिन.

मात्र यावरून मोठे इंजिन बसवले की विमान आपोआप सुधारते, असे कोणी समजू नये. तेच एम-८२ इंजिन मिग-३ च्या अंगावर बसवून पाहिले तेव्हा विमान फसले. मुळात मिग-३ चे उत्पादन थांबले तेही इंजिनापायीच. त्याचे इंजिन मिकुलिन यांचे, आणि मिकुलिन यांचेच दुसरे इंजिन ‘इल्यूशिन-२’ या हल्ला करणाऱ्या विमानाला लागत होते. दोन्ही एकाच ठिकाणी बनत. लाल सेनेला इल्यूशिन भाकरीइतके हवे आहे, अशी तंबी स्टालिनने दिल्यावर तीन हजारांवर तयार झालेल्या मिग-३ ची गोष्ट तिथेच संपली.

जगभरचे हौशी विमान-अभ्यासक कागदावर न झालेली सोव्हिएत विमाने रेखाटत असतात. प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृतींना दुसऱ्याच विमानाचे नाक जोडतात, त्यावर लाल तारे रंगवतात. त्यांचे सर्वांत लाडके विमान म्हणजे पोलिकार्पोव्हचे आय-१८५. ते खरोखर बनले होते आणि उडालेही होते. एम-७१ हे दोन हजार अश्वशक्तीचे इंजिन बसवल्यावर चाचण्यांत त्याने ताशी ६८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठला. त्या काळच्या कोणत्याही जर्मन विमानाला ते भारी पडले असते. मग हौशी माणूस म्हणतो, हे हजारोंनी बनले असते तर युद्ध वर्षभर आधी संपले नसते का?

इथेच नियम आठवायचा. हे विमान एका इंजिनासाठी आखले गेले. ते तयार झाले नाही. मग दुसरे, मग तिसरे, मग चौथे. एम-७१ मूठभरच बनली आणि कधी कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली नाहीत. एप्रिल १९४३ मध्ये चाचणी-वैमानिक स्तेपान्चोनोक यांचे इंजिन हवेत बंद पडले आणि ते मरण पावले. उरलेला पर्याय होता एम-८२. पण ती सगळी ला-५ कडे जात होती. आय-१८५ हजारोंनी बनवायचे तर ला-५ कमी करायची, आणि तेही भर स्टालिनग्राडच्या तोंडावर. याकोव्लेव्ह तेव्हा विमान-उद्योग खात्याचे उपमंत्री होते, त्यांनी प्रतिस्पर्ध्याचा काटा काढला, असा संशय पुष्कळांनी घेतला आहे. तो खरा मानला तरी प्रश्न सुटत नाही. याकोव्लेव्हला नकाशावरून पुसून टाका. इंजिन तरीही कारखान्यात नसतेच. चांगला हौशी अभ्यासक या प्रश्नाशी येऊन थांबतो. कच्चा अभ्यासक खलनायक शोधतो.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो माझ्या पुढच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. रशियाला वाचवणाऱ्या विमानांची ही इंजिने मुळात रशियन नव्हती. क्लिमोव्हच्या इंजिनाचे मूळ फ्रान्सच्या हिस्पानो-सुइझात. श्वेत्सोव्हच्या कामाची सुरुवात अमेरिकेच्या राइट कंपनीच्या परवान्यापासून. मिकुलिनच्या मागे जर्मनीचे बीएमडब्ल्यू. परवाना घेतला, नक्कल केली, मोडले, पुन्हा जुळवले, आणि दहा वर्षांत इंजिन आपले झाले. १९४४ चे याक-३ हे अवघ्या २,७०० किलोंचे चपळ विमान उडाले ते मूळच्या फ्रेंच इंजिनाच्या नातवावर. यात कोणा रशियनाला कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

*

या सोव्हिएत विमानांच्या समोरचे सर्वांत घातक जर्मन विमान म्हणजे फोक-वुल्फ १९०. त्याचे रचनाकार कुर्ट टांक पुढे भारतात आले आणि बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आपले पहिले जेट लढाऊ विमान आखले. हा कारखाना १९४० साली काढला होता मुंबईच्या वालचंद हिराचंदांनी. विमानाचे नाव ‘मरुत’. ते १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्याचा बेत होता; प्रत्यक्षात ते ध्वनीच्या वेगाशीच अडखळले. कारण? ज्या ब्रिटिश इंजिनावर आखणी केली ते पूर्ण विकसितच झाले नाही. खर्च उचलाल तर करू, असा प्रस्ताव होता. आपण उचलला नाही. मग साधे ऑर्फियस इंजिन जोडीने बसवले. इजिप्तमध्ये बनत असलेले एक इंजिन आणून पाहिले. तेही तडीस गेले नाही. १४७ मरुत बनली, १९७१ मध्ये लोंगेवालाच्या रणात ती चांगली लढली, आणि काळाच्या ओघात निवृत्त झाली. ‘मरुतला हवे ते इंजिन मिळाले असते तर’ हा जर-तर मी रास्त मानतो. त्यात बदल एकच आहे, त्याची किंमत माहीत आहे, आणि नकार कोणी दिला हेही माहीत आहे. असा जर-तर आपल्याला काही शिकवतो.

मरुतच्या नावाशी जुळणारे एक नाव मुंबईला त्याआधीपासून ठाऊक आहे: मरुत्सखा. चिराबाजारचे शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाचे हे नाव. गोष्ट अशी सांगितली जाते, की १८९५ साली गिरगाव चौपाटीवर तळपद्यांचे मानवरहित विमान पंधराशे फूट उंच उडाले आणि खाली आले. पाहायला न्यायमूर्ती रानडे होते, महाराज सयाजीराव गायकवाड होते. विमान वेदांतल्या ज्ञानावर बनले होते आणि पाऱ्याच्या शक्तीवर चालले. पुढे इंग्रजांच्या दडपणामुळे सारे गुंडाळले गेले. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, आपल्या चौपाटीवर!

या गोष्टीतली माणसे खरी आहेत, स्थळ खरे आहे. तळपदे हे पाठारे प्रभू गृहस्थ, संस्कृतचे व्यासंगी, आर्य समाजाच्या विचारांचे. दयानंदांनी वेदभाष्याच्या भूमिकेत विमानविद्येवर लिहिले होते आणि गिरगावात आर्य समाजाचे वजन होते. तळपद्यांनी ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे पुस्तकही मराठीत लिहिले. म्हणजे विमानाचा ध्यास घेतलेला एक मराठी माणूस त्या काळी गिरगावात होता, याबद्दल शंका नको. शंका आहे ती उड्डाणाची.

मुंबईच्या आकाशात याआधी काही उडालेच नव्हते असे नाही. १८७७ साली जोसेफ लिन नावाचा बलूनवाला लालबागेतून उडाला आणि दादरला उतरला. कोठून उडाला, कोठे उतरला, याची नोंद राहिली. बलूनला इंजिन लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे परतले तेव्हाचे चौपाटीवरचे स्वागत सावे दादा भाटवडेकरांनी चक्क चलच्चित्रात टिपले. अशा चौपाटीवर, हायकोर्टाचे न्यायाधीश आणि एक संस्थानिक समोर असताना पंधराशे फुटांचे उड्डाण झाले, आणि त्या दिवसाची तारीखही गोष्टीत धड टिकली नाही, हे कोड्यात टाकणारे आहे.

शेजारी एक खरी घटना ठेवून पाहू. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांचे मानवरहित, वाफेवर चालणारे छोटे विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. म्हणजे त्या काळात असे उड्डाण अशक्य होते, हा आक्षेप टिकत नाही. लँगलींच्या पाहुण्यांत होते टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांनी छायाचित्र काढले आणि पाहिलेले लिहून प्रसिद्ध केले. इंजिनाची शक्ती किती, वजन किती, बाष्पक कसा, सारे उपलब्ध आहे. राइट बंधूंचे १९०३ चे इंजिनही असेच: बारा अश्वशक्ती, ऐंशीएक किलो, त्यांच्याच दुकानातल्या कारागिराने घडवलेले. या दोन्ही उड्डाणांना ‘इंजिन कोठून आणले?’ असे विचारले तर उत्तर मिळते. मरुत्सखाला विचारले तर उत्तर येते, पारा. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. तो ३५७ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ विषारी. तो तापवायचा कशाने, ते यंत्र घडवले कोणी, त्याचे वजन किती, याचा पत्ता नाही.

मरुत्सखामागे ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा भरद्वाजांचा ग्रंथ होता असे सांगतात. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली या ग्रंथाची कसून छाननी केली. तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. सुब्बराय शास्त्रींनी तो सांगितला आणि १९२३ च्या सुमारास लिहून पुरा झाला; आकृत्या काढल्या बंगळुरूतल्या एका आरेखकाने. त्यातली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही विमाने उडूच शकत नाहीत. तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडाल्या नाहीत, अशीही नोंद त्या अभ्यासात आहे. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमाने ग्रहाग्रहांवर जात, असा निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा हिंदी चित्रपटही लागला.

*

चौपाटीच्या दंतकथेत खेळाचे सगळे नियम मोडलेले आहेत. बदल एक नाही, शंभर आहेत, इंजिन नाही, आणि उणीव भरून काढायला इंग्रज नावाचा खलनायक तयार आहे. पण माझ्या मते खरी गोम वेगळी आहे. या गोष्टीला उसनवारीची लाज वाटते. सारे आपलेच, सारे आधीच, कोणाकडून काही घेतलेले नाही, हा तिचा आग्रह आहे. रशियनांनी फ्रेंच इंजिन घेऊन याक उडवले ते तिला चालणार नाही.

त्याच गिरगाव-दादरच्या परिसरात आणखी एक ध्यास घेतलेला माणूस होता. धुंडिराज गोविंद फाळके. त्यांना पडद्यावर आपले देव दिसायला हवे होते. त्यांनी कॅमेरा पुराणांत शोधला नाही. १९१२ साली ते लंडनला गेले, तंत्र शिकले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला, आणि दादरला घरात प्रयोगशाळा मांडली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. यंत्र इंग्रजी, गोष्ट आपली. त्यामुळे चित्रपट परका झाला, असे कोणी म्हणत नाही.

मग तळपद्यांसाठी एक प्रामाणिक जर-तर मांडून पाहू. सयाजीराव दंतकथेत नुसते प्रेक्षक म्हणून येतात. खऱ्या इतिहासात त्यांनी १८९० साली बडोद्याला कलाभवन काढले. प्राध्यापक गज्जरांच्या देखरेखीखाली तिथे यंत्रविद्येपासून रंगकामापर्यंतचे हुन्नर शिकवत. फाळकेही तिथेच शिकले. समजा, बदल एवढाच, की तळपदे दोन वर्षे कलाभवनात गेले असते. किंवा परळच्या रेल्वे कारखान्यातला एखादा हुशार फिटर रोज संध्याकाळी चिराबाजारला येऊ लागला असता. शहरात वाफेची इंजिने गिरण्या-गिरण्यांत होती, पण ती जमिनीला खिळलेली. त्यांचे वजन कमी करण्याची गरज कोणाला पडली नव्हती. एक अश्वशक्तीचे, हातात उचलता येईल असे बाष्पइंजिन घडवायला लँगलींनाही संस्थेचा पैसा, कारागीर आणि कितीएक वर्षे लागली. तळपद्यांनाही लागली असती. त्यांना परदेशी पत्रिका वाचाव्या लागल्या असत्या, लिलिएनथालचे आकडे तपासावे लागले असते, पहिली चार-पाच विमाने वाळूत नाक खुपसून पडलेली पाहावी लागली असती. कदाचित १९०० च्या सुमारास एखादे पन्नास-शंभर फूट गेले असते. कदाचित तेवढेही नाही.

हा जर-तर पंधराशे फुटांपुढे फिका वाटेल. पण तो रचताना मला त्या काळची मुंबई पाहावी लागली: कोणाकडे लेथ होती, कोणाकडे पैसा, कोणाकडे पुस्तके, आणि ही माणसे एकमेकांना का भेटली नाहीत. संस्कृत जाणणारा चिराबाजारचा गृहस्थ आणि लोखंड जाणणारा परळचा कारागीर यांच्यात तीन-चार मैलांचे अंतर होते. जातीचे, शिक्षणाचे आणि हाताने काम करण्याविषयीच्या तुच्छतेचे अंतर त्याहून पुष्कळ मोठे. ओहायोतल्या सायकलच्या दुकानात ही दोन्ही माणसे एकाच बाकावर काम करत होती. तळपद्यांचे विमान का उडाले नाही, याचे उत्तर इंग्रजांच्या कारस्थानापेक्षा या अंतरात सापडण्याचा संभव मला अधिक वाटतो. आणि ते उत्तर शोधायचे तर आधी ते उडाले नाही, हे मान्य करावे लागते.